सरस गार, धंदा गार

"आजपासून या कारखान्यात जळणारी वीज मला कणाकणाचा जाब देईल," असं कारखानदारांनी छाती काढून जाहीर केलं आणि मग बायकोला हळूच विचारलं, "अगं, आपला मीटर कुठं असतो?"

"दाराबाहेर. ज्याला तुम्ही छत्री अडकवता, तो."

सुतारकामाची तीन मशीनं आणि एक पंखा एवढ्या भांडवलावर गल्लीनं त्यांना 'कारखानदार' ही पदवी बहाल केली होती. ती थट्टा आहे हे कळूनही त्यांनी ती सन्मानानं स्वीकारली होती. आज मात्र थट्टेचा दिवस नव्हता. शाळेच्या मोठ्या बाई दुपारी वर्गांतल्या खुर्च्यांचा भाव विचारायला येणार होत्या. मागच्या खेपेला कारखानदारांनी विजेचा खर्च आढ्याकडे बघून धरला होता आणि काम समोरच्या सुतारानं नेलं होतं. हेही गेलं तर रंधा मशीन विकायला काढायचं, हे नवराबायकोत न बोलताच ठरलं होतं. म्हणून कोण किती खातं, ते आज मोजूनच काढायचं होतं.

मीटरवर एक लाल दिवा असतो. वीज जितकी जास्त जळेल तितका तो भराभर लुकलुकतो. बायको हातात घड्याळ घेऊन दिव्यासमोर उभी राहिली, कारखानदार आत गेले. एका वेळी एकच मशीन लावायचं, बाकी सगळं बंद.

"करवत चालू," आतून ललकारी आली.

"लाकूड घाला की. हवा कापून काय कळणार?"

लाकूड घातलं, दिवा पळायला लागला. बायकोनं मोजून आकडा ओरडून सांगितला. कारखानदारांनी तो फळीवर खडूनं लिहिला, दिवसभरात करवत खरोखर किती वेळ कापते त्यानं गुणला आणि इतकं कमी बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. मग खुर्च्यांचे पाय गोल करणारा लेथ. भुवया आणखी वर. शेवटी रंधा. खादाड, राक्षस, पोटात खड्डा असलेला, अशा शिव्या ज्याला वर्षानुवर्षं घातल्या, तो रंधा नेमका कामापुरतं खाणारा गुणी प्राणी निघाला. कारखानदारांना भरून आलं. त्यांनी त्याची पाठ थोपटली, तेव्हा भुशानं नाकच भरलं.

"अगं, ही सगळी मिळून आपल्या बिलाच्या अर्ध्यालासुद्धा पुरत नाहीत," ते शिंकत बाहेर आले.

"आत सगळं बंद केलंत?"

"पंखासुद्धा."

"मग हा कुणाच्या नावानं डोळे मिचकावतोय?"

दिवा लुकलुकत होता. सावकाश, पण नेटानं, भाडं न देणाऱ्या भाडेकरूच्या निवांतपणानं.

कारखानदारांच्या अंगात वीज संचारली, तिची नोंद मात्र मीटरनं घेतली नाही. "चोरी. शेजारचा इस्त्रीवाला. तरीच म्हटलं, हल्ली कपडे एवढे कडक कसे." हाताला लागला तो लाकडी हातोडा घेऊन ते शेजारी घुसले. इस्त्रीवाला फुंकर मारून इस्त्रीतले कोळसे फुलवत होता. त्यानं हातोड्याकडे पाहिलं, कारखानदारांकडे पाहिलं आणि विचारलं, "शर्ट टाकायचाय का?"

ते परतले तेव्हा बायको फळ्यांच्या ढिगामागे बोट तोंडात घालून उभी होती. बोट भाजलं होतं, पण चेहरा उजळला होता.

"सापडला तुमचा चोर."

कोपऱ्यात विजेची शेगडी, तिच्यावर पाण्याचं भांडं आणि त्या पाण्यात लाकूड चिकटवायच्या सरसाचं डबडं. आबा, म्हणजे कारखानदारांचे वडील, हाती पटाशी असल्यापासून सांगत आले होते, "सरस गार, धंदा गार." म्हणून ती शेगडी दिवसरात्र चालू असायची. सणवार नाही, सुट्टी नाही. मशीनं तासभर चालून झोपायची, ही मात्र अखंड जागी. खुर्च्या केव्हापासून बाटलीतल्या पांढऱ्या सरसानं चिकटत होत्या, पण डबड्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. रोज दिसतं ते कोण बघतो?

"काढा वायर," बायको म्हणाली.

"आबांचा शब्द आहे गं."

"शब्द राहू दे. वायर काढा."

कारखानदारांनी डोळे मिटून वायर ओढली. दोघं धावत मीटरपाशी गेले. दिवा विझलेला होता. न लुकलुकणाऱ्या दिव्याकडे दोघं एकमेकांचा हात धरून बघत राहिले. असं तर ते लग्नातल्या फोटोतसुद्धा उभे नव्हते.

शाळेच्या बाई आल्या. कारखानदारांनी फळीवरचा हिशोब, आता शेगडी वजा केलेला, पुन्हा एकदा नजरेखालून घातला आणि भाव सांगितला. आयुष्यात पहिल्यांदाच तो सांगताना त्यांनी आढ्याकडे पाहिलं नाही.

"समोरच्यापेक्षा कमी सांगताय," बाई म्हणाल्या. "आणि परवडतंय तुम्हाला?"

"बाई, मोजलंय."

"मग करा सुरू." बाई वही मिटून निघाल्या. बायकोनं पदरानं डोळे टिपले आणि डोळ्यांत भुसा गेल्याचं जाहीर केलं.

तेवढ्यात मागच्या घरातून काठी टेकत आबा आले. फळ्यांच्या ढिगामागे गेले आणि बराच वेळ तिथंच थांबले. कारखानदार दोन पावलं मागं सरकले. पण आज ते आजवरचे कारखानदार नव्हते. ते ताठ उभे राहिले.

"आबा, तुमचा शब्द मी आज मोडला. तुमच्या हयातीत सरस गार केला. पण त्यापायी धंदा—"

"सरसाचं काय घेऊन बसलास," आबा म्हणाले. त्यांनी डबडं उचलून बाजूला ठेवलं आणि खालच्या पाण्यात चमचा फिरवला. "दहा मिनिटं ती वायर लाव बाबा. माझं अंडं कच्चं राहिलंय."