आता तू आ कर

कळवणजवळच्या अंगणवाडीत गोजराबाई दहा वर्षं पोरांना जंताची गोळी देत होत्या. गोळी समोर चावायची, मग "आ कर" म्हणून त्या तोंड बघत. घरी नवऱ्याला, लहानूंनाही त्या दर सहा महिन्यांनी गोळी देत, पण त्यांचं तोंड त्यांनी कधी बघितलं नाही. घरच्या माणसावर कसला संशय?

आज लहानूंचा जुना कोट उन्हात टाकताना अस्तरात गोळ्या हाताला लागल्या. वीसच्या वीस.

"अवो, इतकी वर्षं फसवलं व्हय मला?"

लहानू ओशाळले. "ते लय विनवायचे गं, गोळी गिळू नको म्हणून."

"कोन?"

लहानूंनी तोंड उघडलं. जीभ हलली नाही, ओठ हलले नाहीत. घशाच्या तळातून गोजराबाईंचाच आवाज आला, अगदी मायेनं.

"आता तू आ कर."