जिवंत हातांचा नवस

दोन्या त्रान्सितोने, म्हणजे त्रान्सितोबाईने, मागचापुढचा विचार न करता वायर उपटली, आणि चर्चच्या अंगणातलं गाणं मध्येच तुटलं.

"बघ!" ती सोइलाला म्हणाली. सोइला तिच्या लेकीची धर्ममाता. "मी म्हटलं नव्हतं तुला? हा नुसती बोटं नाचवतोय. वाजवतंय ते काचेचं ताट!"

काचेचं ताट म्हणजे लिसार्दो मास्तरांचा टॅब. मास्तर साठीचे, इस्त्रीचा सदरा, हॅट अगदी सरळ. हात अजून कीबोर्डवरच होते. त्यांनी एक पट्टी दाबली. टक्. दुसरी दाबली. टक्.

"दोन्या, या कीबोर्डचा स्वतःचा आवाज कधीच गेलाय," ते म्हणाले. "पट्ट्या मात्र ठणठणीत आहेत, आणि माझ्या हाताला त्यांचीच सवय. मी पट्टी दाबतो, ती या वायरीतून टॅबला कळते, टॅब आवाज काढतो. हार्पचा म्हणा, व्हायोलिनचा म्हणा. पण कुठला सूर, कधी, किती जोरात, हे माझं."

"म्हणजे आवाज त्याचाच ना?"

"आवाज त्याचा. वाजवणं माझं."

"मागच्या वर्षीचाही अगदी असाच गोड बोलत होता," सोइलाने तेल ओतलं.

मागच्या वर्षी उत्सवाचं यजमानपद रेइनाल्दोकडे होतं. त्याने आणलेला वादक ऐन नाचात दोन्ही हातांनी भाजलेलं डुक्कर खायला बसला, आणि गाणं आपलं चालूच! गाव हसून हसून लोळलं. पण महिन्याभरात रेइनाल्दोचे बटाटे हिवाने करपले, तेव्हा कोणी हसलं नाही. चर्चमधल्या मातेला शिळं संगीत वाढलं, दुसरं काय होणार?

यंदा यजमानीण त्रान्सितो, आणि तिचा तर नवस होता. तिची लेक नुबे ट्रकवरून पडली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, ही पोरगी काही चालायची नाही. त्रान्सितोने मातेला शब्द दिला: नुबे चालली तर मी यजमानीण होईन, आणि तुझी पालखी जिवंत हातांच्या वाजवण्यावर निघेल. नुबे चालली. आज ती पालखीपुढे नाचणार होती. आणि या माणसाने फसवलं, तर माता दिलेलं परत घेणार नाही कशावरून? आठवडाभर त्रान्सितोला घास गोड लागला नव्हता.

मास्तरांनी वायर परत लावली. तेवढ्यात घंटा झाली. सहा जणांच्या खांद्यावरून माता दारातून बाहेर आली, सानहुआनितो नाचाच्या ठेक्यावर डुलत. पुढे नुबे. यजमानिणीने मातेच्या शेजारून चालायचं असतं. पण ही बाई मास्तरांना चिकटून उभी, नजर त्यांच्या बोटांवर.

बोटं पळत होती. सूरही पळत होते. तरी तिला पटेना. इतकं सफाईदार? एकही चूक नाही? माणूस म्हटला की कुठेतरी घसरणारच की!

तिने चिचेचा, म्हणजे मक्याच्या दारूचा, प्याला भरला आणि मास्तरांच्या नाकासमोर धरला. यजमानिणीचा प्याला दोन्ही हातांनी घ्यायचा आणि तळ दिसेपर्यंत प्यायचा. नाही म्हणणं म्हणजे तिच्या तोंडावर थुंकणं.

"गाणं संपू द्या, दोन्या."

"आत्ता, मास्तर."

"अहो, माता चालतेय!"

"का? माझ्या हातचं चालत नाही?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. सगळं कळलं त्यांना. कानशिलं लाल झाली. दोन्ही हात उचलून त्यांनी प्याला घेतला.

संगीत गपकन थांबलं.

त्रान्सितोचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. मग तिने समोर पाहिलं. पालखीवाले अर्ध्या पावलात अडकले होते. माता एका बाजूला कलली, बायका किंचाळल्या. "अगं, काय केलंस हे!" सोइला ओरडली आणि पालखीकडे धावली.

नुबे मात्र थांबली नव्हती. थांबलो तर पडू, अशी भीती वाटली असेल. मान खाली घालून ती नाचतच राहिली, आणि त्या शांततेत तिची पावलं सगळ्या गावाला ऐकू आली. एक ठप्प. मग जरा उशिराने, फरफटत, दुसरं. परत ठप्प. परत उशीर. इतका वेळ गाण्याखाली ते लपून गेलं होतं. कोणीतरी फिस्सकन हसलं.

त्रान्सितोला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. "वाजवा हो मास्तर!" ती रडकुंडीला आली. "पाया पडते, वाजवा!"

मास्तरांनी प्याला तळापर्यंत संपवला आणि खाली ठेवला. लगेच काही वाजवलं नाही. पोरीची दोन पावलं जाऊ दिली, तिसऱ्याला हात टाकला. गाणं तेच, पण आता ते पळत नव्हतं. एक ठोका नेमका पडायचा, दुसरा रेंगाळायचा, नुबेचा मागे राहिलेला पाय येईपर्यंत सूर थांबून राहायचा. हळूहळू पालखीवाल्यांनीही तीच चाल धरली. माता सरळ झाली आणि त्याच लंगड्या ठेक्यावर डुलत निघाली.

सोइला धापा टाकत परत आली. "काय गं, बघतेयस ना त्याचे हात? खरंच वाजवतोय ना?"

त्रान्सितोने शालीने डोळे पुसले.

"त्याचे हात काय बघायचे," ती म्हणाली. "तो स्वतःच बघत नाहीये. तो पोरीचे पाय बघतोय."