सासऱ्याची पिकअप

कोठारातला हातोडा सुरू झाला, तेव्हा वर्ना स्वयंपाकघरात जमिनीवर बसून फुटलेल्या बशीचे तुकडे गोळा करत होती. ओठातून रक्त येत होतं. चार वर्षांची जोसी टेबलाखाली कानांवर हात दाबून बसली होती. आणि रॉइस, काही झालंच नाही अशा थाटात, मक्याच्या पावाचा तुकडा घेवड्याच्या रश्श्यात बुडवत होता.

बाहेर ठण्, ठण्, ठण्.

"म्हातारा लागला बघ कामाला," तो हसत म्हणाला. "माझी घोडी सजवतोय. नाहीतर तू! घेवडा शिजवायला सांगितला तरी करपवतेस."

वर्नाला नवऱ्यापेक्षा त्या हातोड्याचाच जास्त संताप यायचा. तिचा सासरा, एमस स्टिडम, कोळशाच्या खाणीत फुफ्फुसं घालवून घरी बसलेला माणूस. चार पावलं चालला की धाप लागायची. या वसंतात त्याला काय सुचलं कोण जाणे, कोठारात सडत पडलेली जुनी पिकअप त्याने दुरुस्तीला काढली. रॉइस लहान असताना ती बंद पडली होती, ती पडलीच. कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालायच्या. म्हाताऱ्याने इंजिन साखळीने वर टांगलं, पुर्जा न् पुर्जा सुटा केला, रॉकेलच्या डब्यात बुडवून घासला. गंजून गेलेला तळ कापून काढला आणि पाण्याच्या जुन्या टाकीचा पत्रा तिथे जोडला. ब्रेक नवे घातले. दारांच्या कड्या आतून नीट लागतात की नाही ते पुन्हापुन्हा लावून पाहिलं.

"आणि रंग कधी देणार?" रॉइस विचारायचा. "असलं खरजुल्या कुत्र्यासारखं धूड घेऊन मी गिरणीवर जायचं काय?"

"रंगाचं नंतर बघू," म्हातारा म्हणायचा आणि पुन्हा गाडीखाली सरपटत जायचा.

घरात रॉइसचा आवाज चढला की कोठारातला हातोडाही जोरात पडायला लागायचा. आपलं ओरडणं ऐकू येऊ नये म्हणूनच हा ठोकत बसतो, हे वर्नाने मनाशी पक्कं धरलं होतं.

जायला जागा नव्हती. केंटकीच्या डोंगरातल्या त्या घळीत घरं मोजकी, आणि सगळी स्टिडमांचीच. घरातली एकुलती मोटार रॉइस लाकूड कापायच्या गिरणीवर कामाला घेऊन जायचा. गेल्या वर्षी वर्ना जोसीला कडेवर घेऊन हमरस्त्याकडे चालत निघाली होती. वाटेत रॉइसच्या चुलतभावाने दोघींना गाडीत घेतलं, मोठ्या प्रेमाने विचारपूस केली आणि परत घरी आणून सोडलं. त्यानंतर कितीतरी दिवस तिला उजव्या कुशीवर झोपता आलं नव्हतं.

एका सोमवारी रॉइस गिरणीवर गेला आणि थोड्या वेळाने कोठारातून एक खोकला ऐकू आला. तिला वाटलं, म्हाताऱ्याचाच. मग आणखी एक. मग एक दणदणीत घरघर सुरू झाली आणि थांबलीच नाही.

"वर्ना!" एमसने हाक मारली. "पोरीला घेऊन ये इकडे. तिचे बूटही घाल."

ती धुमसतच गेली. गाडी तोंड बाहेर करून उभी होती. म्हाताऱ्याने दार उघडून धरलं होतं.

"बैस."

"कशाला? तुमच्या लेकाची घोडी आहे ना ही? त्यालाच बसवा."

"बैस तर खरी, बाई."

ती चढून बसली. पाय आपसूक पेडलवर टेकले. सहा फुटी रॉइसचे गुडघे स्टिअरिंगवर आपटले असते, इतकी ती सीट पुढे सरकवलेली होती, आणि मागे सरकू नये म्हणून बोल्टने कायमची जखडली होती.

"टाकी भरलेली आहे," एमस म्हणाला. त्याने जोसीला उचलून शेजारी ठेवलं. तेवढ्यानेही त्याला धाप लागली. "नदीकडच्या रस्त्याने जा. गिरणी लागत नाही. ओहायोत बहीण आहे ना तुझी? दारं आतून लावून घे. कुणीही हात केला तरी थांबू नकोस. कुणी स्टिडम असला तर मुळीच नाही."

"तुम्हाला ऐकू येत होतं?" वर्नाचा आवाज चिरकला. "एवढे दिवस?"

"येत होतं. त्याला आवरायला या हातांत आता जोर नाही. ऐकू आलं की काम भरभर उरकत होतो, एवढंच."

"तो आला की तुम्हाला जिवंत सोडणार नाही, बाबा. चला आमच्याबरोबर."

"नाही. तो येईल तेव्हा मी घरातच असायला हवा."

वर्नाने त्याचा तेलकट, काळा हात धरला. तिला रडू फुटलं. "एवढे दिवस मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. आणि तुम्ही... तुमचे हे उपकार—"

"उपकार म्हणू नकोस." एमसने हात सोडवून घेतला. तो तिच्याकडे बघेना, नुसता इंजिनाकडे बघत राहिला. "ही गाडी आपोआप बंद पडली नव्हती. तुझी सासू एकदा अशीच सामान घेऊन हिच्यात बसली होती. आदल्या दिवशी मीच इंजिनात वाळू ओतून ठेवली होती."

वर्नाने दार ओढून घेतलं, कडी लावली, गिअर टाकला.

"शेजारी रॉइस बसला होता," म्हातारा बंद काचेपलीकडून म्हणाला. "जोसीएवढा होता तेव्हा."