दुसरीकडे चालू आहे

ही गेल्याचा हॉस्पिटलमधून फोन आला त्या दिवशी मी भिंतीला टेकून खालीच बसलो. मुलगा मात्र उभ्या उभ्या सगळ्यांना फोन करत होता, डोळ्यांत टिपूस नाही. दगडाच्या काळजाचं निघालं पोरगं, असं मला वाटलं.

पुढे त्याने माझ्या जुन्या स्टिरिओला इंटरनेटवरून गाणी वाजवणारा एक छोटा बॉक्स जोडून दिला. "आईच्या मोबाइलमधलंच खातं घातलंय, बाबा. तिची सगळी गाणी लागतील." आवाज इतका स्वच्छ की गाणारीचा श्वासही ऐकू यावा. पण रोज सकाळी चहाच्या वेळी गाणं मध्येच तुटायचं आणि बॉक्सवर अक्षरं यायची, 'हे खातं दुसरीकडे चालू आहे.'

दुसरीकडे कुठे? हिचा मोबाइल तर कपाटात बंद पडलेला. आधी मला बॉक्स विकणाऱ्या दुकानदाराचा संशय आला, मग वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचा. मुलाला म्हटलं, "अरे, तुझ्या आईच्या गाण्यांवर कुणीतरी डल्ला मारतंय."

"बॉक्सच बिघडला असेल," म्हणत त्याने विषय बदलला.

शेवटी सुनेला फोन केला. "पासवर्ड कसा बदलायचा ते सांग. त्या चोराची चांगली जिरवतो."

ती म्हणाली, "नका बदलू, बाबा. मला ऑफिसला सोडताना हे गाडीत आईंचीच गाणी लावतात. सिग्नल लागला की डोळे पुसतात."



सकाळचा चहा आता मी गाण्याशिवाय घेतो. पासवर्ड बदलायचा तेवढा राहून गेलाय.