वाघोबाची हरकत

धरणासाठी डोंगर घ्यायचा, तर तिथल्या आदिवासींना विचारणं कायद्याने भाग होतं. गावचे म्हातारे धोंडिबा म्हणाले, "डोंगर वाघोबाचा हाय. आदी त्याला इचारा, मग आमाला."

विचारायचं कसं, हे पुण्याच्या भूसंपादन अधिकारी भडसावळे साहेबांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी वाघोबाच्या शेंदरी दगडावर रीतसर नोटीस चिकटवली: 'हरकत असल्यास पंधरा दिवसांत समक्ष भेटावे. अन्यथा संमती गृहीत धरण्यात येईल.'

पंधराव्या दिवशी सकाळी साहेब संमती गृहीत धरायला निघाले, तर वारजेतल्या सोसायटीत त्यांच्याच गाडीच्या टपावर बिबट्या बसलेला.



दाराला आतून कडी घालून साहेबांनी धोंडिबांना फोन लावला, "अहो, त्यांना म्हणावं, आपली हरकत पोचली. आता निघालात तरी चालेल."