वकिलाची काळी टोपी

सेनेगलमधल्या डाकारच्या कोर्टात मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होतो. फ्रेंच पलटणीतल्या आमच्या कॅप्टनवर मी हात उगारला, असा आरोप होता. तो शाबीत झाला तर सक्तमजुरी, आणि तिथून आम्हा आफ्रिकी शिपायांतलं कोणी परत आलं नव्हतं. माझा वकील मासांबा पूर्वी माझ्याच तुकडीत शिपाई होता. त्या कॅप्टनच्या थपडा त्यानेही खाल्ल्या होत्या. इथे वकील काळी टोपी घालून बोलतो, बाकीचे उघड्या डोक्याने ऐकतात. मासांबा टोपी घालून उठला, तेवढ्यात साक्षीला कॅप्टन आपल्या टोपीसकट आत आला आणि त्याने मासांबाच्या डोक्याकडे नुसतं पाहिलं. मासांबाच्या टाचा जुळल्या, टोपी खाली आली. “हुकूम, साहेब!” कॅप्टन हसला. मी आमच्या वोलोफ भाषेत पुटपुटलो, “टोपी चढव, गाढवा! तुझी आई अख्ख्या वस्तीत ‘माझा लेक वकील’ म्हणून मिरवते, आणि तू अजून पहाऱ्यावरच?” मासांबाने टोपी चढवली. ती तिरकी बसली. तो कसाबसा म्हणाला, “साक्षीदाराने आधी आपली टोपी काढावी.” न्यायाधीशांनी मान वर करून कॅप्टनच्या टोपीकडे पाहिलं. कॅप्टनचा हात वर गेला. मी सवयीने डोळे मिटून दात आवळले. डोळे उघडले तेव्हा मासांबाही मान खांद्यांत घालून उभा होता, आणि कॅप्टनचं डोकं उघडं होतं.