नव्या संगणकाचा वारा

“नव्या संगणकांचे फायदे झाले. आता तोटे सांगा,” संचालक गाव्रिच म्हणाले.

व्हुकाशिननं रुमालानं कपाळ पुसलं. खिडक्या अर्थातच बंद होत्या. दोन खिडक्या एकदम उघडल्या की आरपार वारा वाहतो, आणि आरपार वाऱ्यानं, हे तिथं लहान मूलही सांगेल, आधी मान जाते, मग मूत्रपिंडं, मग माणूस.

“एक भाग बिघडला की अख्खं यंत्र दुकानात,” तो म्हणाला. “पडदा गेला की संगणकही गेला. आतलं मला काही बदलता येत नाही. बेलग्रेडचे विक्रेते येऊन बदलतील. तसा करारच असतो त्यांचा.”

“हा तोटा कंपनीचा की तुमचा?”

हिवाळ्यात शहरातली घरं तापवणाऱ्या त्या कंपनीत संगणक दुरुस्त करणारा व्हुकाशिन एकटाच. टेबलांखालचे जुने डबे उघडून, फुंकून, प्रसंगी चापट मारून तोच चालवायचा. पडद्याच्याच पोटात सगळा संगणक असलेले नवे ऑल-इन-वन आले आणि दुरुस्ती बेलग्रेडकडे गेली, की त्याची नोकरी संपली. हे त्याला ठाऊक होतं, संचालकांना ठाऊक होतं, कॉफी घेऊन आलेल्या हिशेबखात्यातल्या डेसांकालाही ठाऊक होतं. आणि निःपक्षपाती अहवाल द्यायचं काम संचालकांनी नेमकं त्यालाच दिलं होतं.

“कंपनीचा फायदाच आहे, साहेब,” व्हुकाशिन हळूच म्हणाला. “वायरी कमी, वीज कमी, टेबलावर जागा.”

डेसांकाची कॉफी बशीत सांडली.

बाहेर आल्या आल्या तिनं त्याला गाठलं. “उस्ताद, डोकं फिरलंय का तुमचं? स्वतःच्या फासाचा दोर वळताय, वर दोर किती मऊ आहे तेही सांगताय!”

“खरं ते सांगायला नको?”

“या वयात तुम्हाला दुसरीकडे कोण घेणार?”

“कोणी नाही.”

“निदान काढलं तर भरपाई तरी मिळते. राजीनामा देणारा हात हलवत जातो.”

“मिळते, असं म्हणतात,” व्हुकाशिन म्हणाला आणि बोटं मोडू लागला. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ती पाहून डेसांकाला भडभडून आलं.

नमुन्याचं एक यंत्र आठवडाभरासाठी तिच्याच टेबलावर आलं. समोर मिलेवा बसायची. म्हणजे यंत्राची पाठ थेट मिलेवाच्या तोंडाशी. पहिले दोन दिवस सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. टेबलाखाली पाय पसरता येत होते. व्हुकाशिन सारखा डोकावून जायचा.

“बरं चाललंय ना?” तो विचारायचा. चेहरा पांढराफटक.

“छान चाललंय हो,” डेसांका चोरट्यासारखी म्हणायची. ते ऐकून त्याला जरा धीर आल्यासारखा दिसायचा. किती अब्रूनं वागतो हा माणूस, असं तिला वाटायचं.

तिसऱ्या दिवशी मिलेवा लोकरीचा मफलर गुंडाळून आली.

“मान धरली,” ती म्हणाली. “याच्या पाठीतून वारा येतो. थेट माझ्यावर.”

व्हुकाशिन धावत आला. त्यानं यंत्रामागे तळहात धरला.

“काही नाही, मिलेवाबाई. मुंगीची फुंकर आहे.”

“माझ्या आत्याला अशाच फुंकरीनं नेलं. बसची खिडकी बोटभर उघडी होती.”

“मग टेबल फिरवू या.”

“आणि मी भिंतीकडे तोंड करून बसू? काय गुन्हा केलाय मी?”

“थांबा, पुठ्ठा लावतो.”

आणि त्यानं खरोखरच पुठ्ठा आणला.

“स्वतःची भाकरी चाललीय आणि दुसऱ्याची मान वाचवतोय,” कोपऱ्यातून कोणीतरी कुजबुजलं.

दुसऱ्या दिवशी अख्खं हिशेबखातं मफलर गुंडाळून बसलं होतं.

पुन्हा बैठक बसली. गाव्रिच साहेबांना नवी यंत्रं मनापासून हवी होती. ती फोटोत चांगली दिसतात. त्यांनी नमुना टेबलावर मागवला.

“अहो, विज्ञान काय म्हणतं?”

“वारा नगण्य आहे, साहेब,” व्हुकाशिन घाईघाईनं म्हणाला. “उलट जुने डबे जास्त फेकतात.”

“पायांवर,” मिलेवा म्हणाली. “पायांत मोजे असतात. मानेत काय घालू?”

यंत्राची पाठ आता संचालकांकडे होती. त्यांनी खुर्ची जरा डावीकडे सरकवली. मग कोटाची कॉलर वर केली. मग मान इकडेतिकडे वळवून पाहिली.

“परत पाठवा हे,” ते म्हणाले. “जुने डबेच राहू द्या. आणि उस्ताद, घाबरू नका. निवृत्तीपर्यंत तुम्हाला इथून कोणी हलवत नाही.”

व्हुकाशिननं टेबलाची कड धरली.

बाहेर मिलेवानं मफलर सोडला आणि मान दोन्ही बाजूंना घुबडासारखी फिरवून दाखवली. “काय उस्ताद, जमलं ना नाटक? आमचा माणूस आम्ही असा जाऊ देऊ होय?”

“मिलेवाबाई, आता मी काय बोलू...”

“काही बोलू नका. मोकळेपणानं रडा.”

तो रडला. बाकीच्याही रडल्या.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा भिंतीवरच्या तसबिरी उतरल्या होत्या आणि दाराशी सुतळीनं बांधलेली खोकी रचली होती. बायको झागोर्का जमिनीवर बसून शेवटच्या बशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

“काढलं ना एकदाचं?” तिनं मान वर न करता विचारलं. “गावाहून भाऊ तीनदा विचारून गेला. तुमच्या भरपाईतून घ्यायच्या त्या शेळ्या मालक फार दिवस धरून ठेवणार नाही म्हणतो.”

तिनं वळून दारात उभ्या असलेल्या त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग हातातली बशी ती कागदातून परत सोडवू लागली.